प्रतिसाद: लाळ वाळून रेशीम होत नाही

‘अळीची लाळ हवेत वाळते आणि धागा होतो’ हे रेशमाच्या अळीबद्दलचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. वाळतो तो सेरिसिनचा, म्हणजे धाग्यावरच्या चिकट प्रथिनाचा डिंक. आतलं फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचं मुख्य प्रथिन, घट्ट होतं ते ताणामुळे. अळी धागा बाहेर ढकलत नाही. ती टोक चिकटवते आणि इंग्रजी आठच्या आकारात डोकं फिरवत तो ओढून काढते. अळीच्या रेशीम-ग्रंथीच्या पुढच्या नळीत आम्लता वाढत जाते, त्यात हा ताण पडला की प्रथिनाच्या साखळ्या एका दिशेने जुळतात. स्पेनमधल्या मुर्सियात पक्व अळ्या व्हिनेगरमध्ये भिजवून त्यांच्या ग्रंथी हाताने ताणत आणि मासेमारीची जाड तात बनवत. कोष नाही, तरी धागा!

डिंकाला मात्र कोरडी हवा लागतेच. अळ्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या चौकटीवर) सोडल्या की २४–२५ अंश तापमान, ६०–६५ टक्के आर्द्रता आणि वारा खेळता हवा. विणायच्या आधी अळी बरंच मूत्र टाकते, म्हणून खाली कागद घालून तो बदलावा. खोली बंद, दमट राहिली तर सेरिसिन उशिरा वाळतं, थर एकमेकांना घट्ट चिकटतात. असा कोष दिसायला चांगला असतो, पण रीलिंगला, म्हणजे कोषावरून धागा उलगडून काढताना, तो सारखा तुटतो.