जुने लेख पक्षपाती आहेत म्हणूनच कामाचे आहेत का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

प्राचीन लेखांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तो सगळा राजांचा आणि पुरोहितांचा प्रचार, त्यात इतिहास कसला शोधता?" मला हे पटत नाही. लिहिणारा कुणाच्या बाजूने आहे हे एकदा कळलं की त्याच्याकडून बरंच काढून घेता येतं.

इ.स.पू. ७०१ मधली गोष्ट घ्या. असिरियाचा (आजच्या उत्तर इराकातलं साम्राज्य) राजा सन्हेरीब यहूदाच्या ज्यू राज्यावर चालून गेला. त्याचा स्वतःचा मातीच्या षट्कोनी स्तंभावरचा मजकूर सांगतो की ४६ तटबंद गावं घेतली आणि राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा त्याच्या राजधानीत, जेरुसलेममध्ये कोंडला. बायबल सांगतं की देवदूताने एका रात्रीत १,८५,००० असिरियन सैनिक मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून ऐकलेली तिसरीच कथा आहे: सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या रात्रीत उंदरांनी कुरतडल्या. प्रत्येकाचा देव वेगळा आणि श्रेयही त्यालाच.

पण खंडणीतलं सोनं ३० किक्कार (तेव्हाचं वजनाचं माप), हे असिरियन मजकूर आणि बायबल दोघंही सांगतात. चांदीवर मात्र भांडण: असिरियन मजकुरात ८००, बायबलमध्ये ३००. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावांची संख्या मोजून सांगणारा हा राजा जेरुसलेम घेतल्याचं कुठेही म्हणत नाही. उलट निनवे या आपल्या राजधानीतल्या राजवाड्यात एक अख्खं दालन लाखीश या दुसऱ्याच शहराच्या पाडावाच्या शिल्पांनी भरवलंय. राजधानी हाती लागली असती तर भिंतीवर तीच दिसली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: फुशारकी मारणारा जिथे गप्प बसतो, ती जागा सगळ्यात भरवशाची.

शंकेखोर

छान मांडलंय, पण उदाहरण सोयीचं निवडलंत. तिथे तीन साक्षीदार आहेत. एकच असेल तेव्हा काय करणार?

यरीहोच्या तटबंदीचं बघा. बायबलमधल्या यहोशवाच्या कथेत भिंती कोसळल्या. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तिथे खणलं आणि कथेचा जो काळ सहसा धरतात त्या काळात तिथे तटबंद शहर असल्याचा पुरावा मिळाला नाही. मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचा, हे कळायला वाव नाही. तिथे कुणी गप्प बसलेलं नाही की अडखळलेलं नाही. आधी कुदळ, मग पोथी. उलटं केलं की आपण कथाच पुन्हा सांगत बसतो.

इजिप्त आणि हिटाईट (आजच्या तुर्कस्तानातलं साम्राज्य) यांच्यातल्या कादेशच्या लढाईचंही तेच. इजिप्तचा राजा रामसेस दुसरा देवळामागून देवळांवर कोरत गेला की शत्रूच्या २,५०० रथांनी वेढलं असताना अमुन देवाच्या बळावर आपण एकट्याने निभावलं. १९०६ मध्ये हत्तुशा या हिटाईट राजधानीत त्यांचं दफ्तर सापडलं नसतं तर तो विजय आपण अजूनही मान्य करून बसलो असतो.

पाटीपेन्सिल

कादेश तुमच्याच विरुद्ध जातं हो. हिटाईट पाट्या बाजूला ठेवा. नुसत्या इजिप्शियन कोरीवकामाकडे बघत बसलात तरी दिसेल की कादेश शहर घेतल्याचं रामसेस सांगत नाही! लढाई झाली शहरासाठी, आणि शहराचं काय झालं ते गुलदस्त्यात.

आणि कुदळीचा एवढा अभिमान नको. राखेचा थर सापडला तर गाव जळालं एवढं कळतं. का जाळलं, कुणाच्या नावाने जाळलं, हे राख सांगत नाही. १८६८ मध्ये धीबानला (आजच्या जॉर्डनमध्ये) मिळालेला मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख नसता तर इस्राएलच्या शेजारच्या या मवाबच्या लोकांना आपल्या गुलामीचं कारण काय वाटत होतं हे कळलं असतं का? मेशा लिहितो की आमचा देव कमोश स्वतःच्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलने आम्हाला दडपलं. इस्राएलचे संदेष्टे आपल्या पराभवाचं कारण हेच देतात, फक्त देवाचं नाव बदलून. शेजारच्या दोन वैऱ्यांची धर्मकल्पना एकाच साच्यातली होती, हे दोन पक्षपाती मजकुरांमुळेच दिसतं.

सश्रद्ध

तुम्ही दोघंही चुकीच्या तराजूत तोलताय. धर्मग्रंथ लिहिणारा बातमीदार नव्हता. आपल्या माणसांना धीर द्यायचा, संकटाचा अर्थ लावायचा, हे त्याचं काम. १,८५,००० हा आकडा खरा की खोटा हा प्रश्न त्याला पडला नसावा. त्याला पक्षपाती ठरवून आपण नक्की काय मिळवतो?

शंकेखोर

@सश्रद्ध, त्याच मेशाच्या दगडावर पुढे वाचा. नबो गाव घेतलं, ७,००० माणसं मारली, बायका-मुलींसकट, कारण ती अष्टार-कमोशला वाहिलेली होती. यहोशवाच्या कथांमध्येही शत्रूची गावं अशीच देवाला वाहून कापली जातात. यात धीर कुणाला मिळाला आणि अर्थ कुणी लावला? कापल्या गेलेल्यांनी तर नाहीच. "श्रद्धेचा मजकूर आहे, चौकशी नको" म्हणणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पुरणं.

सश्रद्ध

चौकशी नको असं मी कुठे म्हटलं? कशाची करायची ते नीट ठरवा, एवढंच. मेशाने खरंच ७,००० मारले की देवापुढे आकडा फुगवला, हे तरी तुम्हाला कुठे ठाऊक आहे? फुगवला असेल तर लेखात हत्या कमी आणि देवाला खूश करायची धडपड जास्त आहे.

मधली_ओळ

राजे, देव, लढाया. कंटाळा नाही येत? उरुकच्या (आजच्या इराकातलं प्राचीन शहर) सगळ्यात जुन्या पाट्यांत बहुतेक हिशेबच आहेत: जव, मेंढ्या, बिअर. लेखन जन्मलं ते कोठारात, स्तोत्रं नंतर आली.

माझी आवडती जोडी इजिप्तच्या रामसेस तिसऱ्याच्या राजवटीतली. त्याच्या नावाचा सुमारे ४० मीटर लांबीचा एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी) आहे. देवळांना काय काय दिलं त्याच्या याद्या, आणि वर बढाई की माझ्या राज्यात बाई हवी तिथे निर्धास्त फिरे. त्याच राजाच्या २९व्या वर्षी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्याचा पगार थकला म्हणून काम टाकलं आणि देवळामागे जाऊन बसले. ही नोंद कुठल्या भिंतीवर नाही, गावातल्या लेखनिकाच्या कागदात आहे. पुढे त्याच गावातल्या नौनख्त नावाच्या बाईने मृत्युपत्र केलं: म्हातारपणी ज्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं नाही त्यांना माझ्या वाट्यातलं काही नाही. मला रामसेसपेक्षा या बाईकडून त्या समाजाबद्दल जास्त कळतं. बाईची स्वतःची मालमत्ता होती आणि ती कुणाला द्यायची हे ती ठरवू शकत होती.

शंकेखोर

नौनख्तला सलाम. पण ते गाव वाळवंटाच्या कडेला होतं म्हणून तिचा कागद टिकला. नाईलच्या मुखाकडच्या दमट मातीत अशा किती बायकांचे कागद कुजले असतील. शिवाय ते सरकारी कारागिरांचं गाव, लिहिता-वाचता येणाऱ्यांची वस्ती. शेतमजूर तिथेही गप्पच आहेत.

शिवाय मुद्दाम नष्ट केलेलंही आहे. १५६२ मध्ये डिएगो दे लांडा या स्पॅनिश धर्मगुरूने युकातानमध्ये (आजच्या मेक्सिकोत) माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज अशा चारच उरल्यात. आणि मायांच्या चालीरीती समजून घ्यायला अभ्यासकांना आधार घ्यावा लागतो तो याच लांडाने लिहून ठेवलेल्या वर्णनाचा. पाटीपेन्सिल, इथे तुमचा "गप्प बसण्याचा" नियम लावून दाखवा.

पाटीपेन्सिल

लांडापुढे माझा नियम तोकडाच. पण विरोधकाने लिहिलेलं सगळं टाकाऊ नसतं. ज्ञानवादी ख्रिस्ती पंथांबद्दल शतकानुशतकं मुख्य आधार होता तो त्यांना पाखंडी म्हणणाऱ्या बिशप इरेनियससारख्यांचा. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला त्या पंथांच्याच पोथ्या सापडल्या आणि ताडून पाहता आलं. शेरे विखारी होते, पण विश्वोत्पत्तीच्या एका कथेचा इरेनियसने दिलेला सारांश मूळ पोथीशी बराच जुळला. चार्वाकांच्या बाबतीत असं दैव अजून उघडलेलं नाही, तिथे आपण प्रतिपक्षाने खोडण्यासाठी मांडलेल्या पूर्वपक्षावरच आहोत.

मधली_ओळ

अशोकाला कुणी हातच लावला नाही अजून? तेराव्या शिलालेखात तो कबूल करतो की कलिंगात १ लाख मारले गेले, दीड लाख हाकलले गेले, आणि त्याचं दुःख आहे. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख कोरलेलाच नाही. तिथे वेगळे आदेश आहेत, "सगळी माणसं माझी लेकरं" असं सांगणारे.

सश्रद्ध

ज्यांची घरं उजाडली त्यांच्यासमोर मेलेल्यांची संख्या खडकावर मिरवायची नाही, याला मी तरी सभ्यता म्हणेन.

शंकेखोर

मी राजकारण म्हणेन. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासीयांना दम आहे की पश्चात्ताप झाला तरी माझ्यात ताकद आहे, सुधारा नाहीतर मराल. माफीसुद्धा हत्यार हातात धरूनच.

मधली_ओळ

आता कलिंगाची बाजू. धौलीपासून फार लांब नाही त्या उदयगिरीवर कलिंगाचा राजा खारवेल याचा हाथीगुंफा लेख आहे. त्यात मगधाच्या नंदराजाचं नाव येतं, त्याने काढलेला कालवा येतो, त्याने नेलेली जिनमूर्ती येते. अशोकाचं नाव नाही. पाटीपेन्सिल, फुशारकी मारणारा जिथे गप्प बसतो ती जागा भरवशाची म्हणालात ना? मग खारवेल का गप्प आहे? विसरला, लाज वाटली, की तोवर त्या लढाईचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं?

पाटीपेन्सिल

तिन्ही शक्य आहेत. सन्हेरीबाच्या मौनाला जेरुसलेमची दुसरी बाजू होती म्हणून ते बोललं. खारवेलाच्या मौनासमोर फक्त अशोकच आहे, आणि तो तर जिंकलेला पक्ष. तरी मी तिसऱ्या पर्यायाकडे झुकतो. नंदराजाने नेलेली मूर्ती परत आणणं ही दाखवण्याजोगी कमाई होती. अशोकाकडून परत आणण्यासारखं काय होतं?

शंकेखोर

दीड लाख माणसं.