मुलगी म्हणते 'मी भारतीय', मुलगा म्हणतो 'मी जर्मन' : मदत हवी आहे

नमस्कार.

गेली अठरा वर्षे मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहते. माझे माहेर साताऱ्याचे, नवरा इथलाच. मुलीला नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे. दोघेही जन्माने जर्मन नागरिक आहेत, भारताचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) दोघांकडेही आहे. मी मुलांशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलत आले आणि नवरा जर्मनमध्ये. दिवाळीला चकल्या आणि नाताळात झाड, असे आमचे वर्ष जात असे, आणि मुले दोन्हीकडची होत आहेत अशी आमची समजूत होती. गेल्या वर्षभरात मात्र दोघांनी दोन टोके धरली आहेत, आणि जेवणाच्या टेबलावर त्यावरून रोज वाजते.

आधी मुलीविषयी लिहिते. ती माझ्यासारखी सावळी, काळ्याभोर केसांची आहे, तर धाकटा वडिलांसारखा गोरा. इथे तिला बसमध्ये, दवाखान्यात, मैत्रिणीच्या आजीकडे, सगळीकडे 'तू कुठली?' असे विचारतात. 'इथलीच' म्हटले की 'ते झाले, पण मूळची कुठली?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. शेजारी बसलेल्या तिच्या सख्ख्या भावाला हे आजवर कोणीही विचारलेले नाही. मागच्या शरद ऋतूत आम्ही तिघे बेकरीत गेलो असताना काउंटरवरच्या बाईंनी तिला अगदी मनापासून 'किती छान जर्मन बोलतेस गं!' असे म्हटले आणि लगेच मुलाकडे वळून 'तुला काय देऊ?' असे विचारले. मुलीने पाव घेतला, धन्यवाद म्हटले, आणि रात्री जेवताना शांतपणे जाहीर केले की ती जर्मन नाही, भारतीय आहे. तेव्हापासून ती देवनागरी गिरवते आहे, पालीच्या खंडोबाला गेलो होतो तेव्हाचा भंडारा लावलेला फोटो तिने खोलीत लावला आहे, आणि शाळेची एक सहामाही साताऱ्याला आजीकडे राहून तिथल्या शाळेत काढायची असा तिचा हट्ट आहे. इथे दहावीच्या सुमारास अनेक मुले काही महिने परदेशी शाळेत जातात, त्यामुळे तिची मागणी इथल्या कोणालाच वावगी वाटत नाही.

मुलाचे उलट आहे, आणि त्यात मोठी चूक माझीच आहे. त्याने मराठी ऐकली ती फक्त माझ्या आणि बहिणीच्या तोंडून. त्यामुळे तो 'मी जाते', 'मी खाते', 'मी दमले' असेच बोलायला शिकला. मला ते गोड वाटायचे, म्हणून मी कधी नेटाने सुधारले नाही. तो दहा वर्षांचा असताना साताऱ्याला मामेभाऊ क्रिकेट खेळायला निघाले, तेव्हा तो जिन्यावरून ओरडला, 'थांबा, मी पण येते!' मुले हसून लोळली, आणि पुढचे तीन आठवडे त्याला 'अगं ये ना' म्हणून हाक मारत राहिली. मुलांचीच चेष्टा ती, पण परत आल्यापासून तो मला जर्मनमध्येच उत्तर देतो. मी मराठीत बोललेले त्याला सगळे कळते, पण तोंडातून मराठी शब्द काढत नाही.

आता त्यात कॉन्फिर्मात्सिऑनची भर पडली आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की प्रोटेस्टंट घरांतील मुले साधारण चौदाव्या वर्षी चर्चमध्ये आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडाने मान्य करतात आणि त्याआधी वर्षभर शिकवणीला जातात. आमच्या भागात त्यासाठी बुधवारची दुपार राखलेली असते. त्याचे सगळे मित्र जातात, म्हणून तोही जाऊ लागला. आम्ही मुलांचा बाप्तिस्मा केलेला नव्हता, तो आता त्याला करून घ्यायचा आहे. १९२१ च्या कायद्यानुसार इथे चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल आपला धर्म स्वतः ठरवू शकते. त्यामुळे काही महिन्यांत आमच्या परवानगीची गरजही उरणार नाही. आईने फोनवर विचारले, 'नातवाला किरिस्ताव करताय का गं?' मला धड उत्तर देता आले नाही. त्याला श्रद्धा हवी आहे की मित्रांच्या रांगेत एक खुर्ची हवी आहे, हे मला खरोखरच कळत नाही.

मी थोडे वाचले आहे. 'ओळखीचा पेच', म्हणजे आपण नेमके कोण हा वाढत्या वयातला गोंधळ, ही कल्पना रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन आमच्यापासून तासाभरावर, कार्ल्सरूहला वाढले. ते उंच, सोनेरी केसांचे आणि निळ्या डोळ्यांचे होते, आणि आई व सावत्र वडील ज्यू. प्रार्थनास्थळातली मुले त्यांना परके समजत, आणि शाळेतली मुले ज्यू म्हणून हिणवत. हे वाचल्यावर माझी दोन्ही मुले मला एकाच माणसात दिसली. जीन फिनी या अमेरिकी अभ्यासक तीन टप्पे सांगतात : आधी मूल आपल्या मुळांचा विचारच करत नाही, मग शोध सुरू होतो, आणि त्यानंतर समजून-उमजून स्वीकारलेली ओळख येते. माझी मुलगी शोधात आहे, की बेकरीतल्या त्या वाक्याला उत्तर म्हणून तिने एक तयार पाटी गळ्यात अडकवली आहे?

एक गोष्ट इथे कबूल करते, कारण घरी ती बोलता येत नाही. ती 'मी भारतीय' म्हणाली तेव्हा मला आनंद झाला, आणि नवऱ्याने तो पाहिला. आमच्यात तेव्हापासून एक अबोला आहे. तिच्या दुखण्यावर मी माझी हौस भागवते आहे का, ही टोचणी मला लागून राहिली आहे.

तिला साताऱ्याच्या शाळेत सहा महिने घेतील का, आणि पाठवणे शहाणपणाचे ठरेल का? तिथेही ती 'जर्मनीवाली'च ठरली तर? आणि मुलाशी मी मराठीत बोलत राहावे की काही काळ सोडून द्यावे? अशा घरांत वाढलेल्या, आता मोठ्या झालेल्या कोणी लिहिले तर विशेष उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात सीबीएसई शाळेत शिकवते, म्हणून फक्त शाळेपुरते सांगते. आमच्याकडे बोर्डाची नोंदणी नववीतच होते आणि दहावी त्याच्याच पुढे चालते, त्यामुळे या दोन इयत्तांत मधूनच सहा महिन्यांसाठी प्रवेश मिळणे फार अवघड असते. तुमच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या शाळा चालू असतात. त्या सहा आठवड्यांत तिला ओळखीच्या शाळेत पाहुणी म्हणून बसू देतात का, ते मुख्याध्यापकांना भेटून विचारा. तिथे आपण कोण ठरतो हे तिला कळेल, आणि परतीची तारीख ठरलेली असल्यामुळे निभावेलही.

प्रतिसाद २

माझी आई नगरची आणि वडील डच. मीही बाराव्या वर्षापर्यंत 'मी जाते'च म्हणत होतो, म्हणून तुमच्या मुलाची लाज मला आतून माहीत आहे. आईने मराठी बोलणे सोडले नाही, उत्तर डचमध्ये आले तरी ती पुढचे वाक्य मराठीतच बोलायची, आणि याबद्दल मी आज तिचा ऋणी आहे. पण 'येते नाही, येतो म्हण' असे कितीही सांगून उपयोग होत नाही, कारण कानावर पुरुषाची मराठी पडलेलीच नसते. मला मामाने सोडवले. तो दर रविवारी फोन करून स्वतःच बोलत राहायचा, मी फक्त ऐकायचो. चर्चबद्दल एवढेच, की बाप्तिस्म्याने मराठीपण जात नाही, नगर जिल्ह्यातल्या कितीतरी पिढीजात ख्रिस्ती घरांत मराठीच बोलतात, हे आजीला सांगून पाहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शाळेसाठी साताऱ्याच्या एका मुख्याध्यापिकांना पत्र लिहिले आहे, आणि ते लिहायला नवऱ्यालाच सोबत बसवले. मुलीला बेकरीबद्दल प्रथमच थेट विचारले. ती म्हणाली, 'त्या बाई वाईट नव्हत्या, म्हणून तर मला काही बोलता आले नाही.' त्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. आपल्याच गावात तिला असे विचारतात, हे त्याला माहीतच नव्हते.

भावाला मी सगळे सांगितले. काल त्याने भाच्याला फोन केला आणि वीस मिनिटे गाडीच्या क्लचबद्दल एकटाच बोलला. शेवटी 'दिवाळीला येतोस ना?' असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, 'येते.' मग थांबून, 'येतो.' मामा हसला नाही. आईला बाप्तिस्म्याचे अजून सांगितलेले नाही. ते कसे सांगावे यावर कोणाला सुचले तर जरूर लिहा.