मॉरिशसमधलं चिनी दुकान : तुमच्या आठवणी लिहा

पोर्ट लुईच्या चायनाटाउनची कमान सगळ्यांच्या फोटोत असते. मला ऐकायचंय ते गावोगावच्या 'लाबुतिक सिनवा'बद्दल, कोपऱ्यावरच्या चिनी दुकानाबद्दल. तिथे राहिलेल्यांनी, नातलग असलेल्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

माझं आजोळ वाक्वाचं. आजोबा उसाच्या मळ्यात. पगार व्हायचा तेव्हा व्हायचा, चूल मात्र रोज पेटायची. मधले दिवस निघायचे 'कार्ने'वर, म्हणजे दुकानातल्या उधारीच्या वहीवर. तेल पावशेर, साबणाची अर्धी वडी, सिगारेट सुटी. दुकानदार हाक्का (चिनी लोकांतला एक समाज), घराणं चीनमधल्या मेइश्यानचं. आजीशी भोजपुरीत हुज्जत घालायचा. गणपतीत मोदकाचे नारळ न सांगता बाजूला ठेवायचा. "आमचा कार्ने कधी कोरा झालाच नाही," असं आजी हसत सांगायची. मामा म्हणतो, हसू नंतरचं गं. तेव्हा आजोबा दुकान टाळून लांबच्या वाटेनं घरी यायचे.

*

नोकरीसाठी दोन वर्षं होतो. सुरुवातीला तिथल्या चिनी लोकांच्या आडनावांनी चक्रावलो. पणजोबांचं अख्खं नाव कारकुनानं आडनाव म्हणून लिहिलं, ते तसंच चिकटलं. पुढं लावायला जाँ, मारी अशी फ्रेंच नावं, कारण बरेच जण कॅथलिक झालेत. तरी पोर्ट लुईतल्या ले सालीनच्या क्वान ती या चिनी देवळात (१८४२ चं आहे) उदबत्ती लावणारेही त्यांच्यातलेच. तिथल्या २५ रुपयांच्या नोटेवर मोइलिन जाँ आ-च्युएन आहेत : व्यापारी, मंत्री, आणि नावात चिनी नि फ्रेंच दोन्ही.

*

मीन फ्री!! तळलेल्या नूडल्स, वर लसूण-पाणी नि मिरची. एवढंच लिहायला आले होते.

*

आमच्या शेजारच्या चिनी आजी नववर्षाला 'गातो लासिर' द्यायच्या, मेणासारखा चिकट गोड केक. आम्ही चतुर्थीला मोदक. तिथे दोन्ही सणांना सरकारी सुट्टी. त्यांना मोदक फारसा आवडत नसावा, पण रिकामा डबा कधी परत आला नाही.

*

@धागाकर्ती, त्या वहीचं पुढे काय झालं?

*

दुकानदाराची मुलं कॅनडाला गेली, दुकान विकलं. वह्या म्हाताऱ्यानं परसात जाळल्या म्हणे. मामाच्या हिशेबानं आमचे साडेअकरा रुपये द्यायचे राहिलेत.