मदत हवी आहे: मोठ्या नावाचं महाग कॉलेज की परवडणारं कमी माहितीतलं? (इलेक्ट्रिकल)

मंडळी, धाकट्या बहिणीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगसाठी दोन कॉलेजांत जागा मिळते आहे. शुक्रवारपर्यंत एक पक्की करायची आहे. घरात इंजिनिअर कोणी नाही, मी कॉमर्सवाला. आईबाबांनी "तूच बघ आता" म्हणून हात वर केलेत.

पहिलं कॉलेज, त्याला 'क' म्हणू. नाव सांगितलं की नातेवाईक पुढचं काही विचारत नाहीत, इतकं नावाजलेलं. हॉस्टेलवर राहावं लागेल. सगळं धरून चार वर्षांचा खर्च दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट, आणि त्यातला मोठा भाग कर्जातून. दुसरं 'ख'. घरून जाऊन-येऊन होईल, पण बाहेर फारसं कोणाला माहीत नाही. तिथे गुणांवर अर्धी फी माफ होते आहे, मात्र ती टिकवायला दरवर्षी ठरावीक ग्रेडच्या वर राहावं लागतं.

आधी कर्जाचा हिशेब मांडला, कारण तेवढंच मला येतं. समजा १०० रुपये चार वर्षांत सारख्या हप्त्यांनी उचलले, दर वर्षाच्या सुरुवातीला २५. व्याज १० टक्के, शिकत असताना सरळ व्याज. पदवी हातात येईपर्यंत १०० चे १२५ झालेले असतात. ते पुढे दहा वर्षांत मासिक हप्त्याने फेडायचे तर एकूण जातात साधारण १९८. म्हणजे घेतले त्याच्या दुप्पट! फीच्या तक्त्यात तिप्पट दिसणारा फरक प्रत्यक्षात तिप्पट राहत नाही, हे बाबांना पटवताना माझी दमछाक झाली.

मग मान्यता पाहिली. ती अख्ख्या कॉलेजला नाही, एकेका अभ्यासक्रमाला असते. एकाच कॉलेजात एक शाखा मान्यताप्राप्त आणि शेजारची नवीन शाखा नाही, असं असू शकतं. १९८९ च्या वॉशिंग्टन करारात सहभागी असलेल्या देशांच्या संस्था एकमेकांनी मान्य केलेल्या अभ्यासक्रमांना समकक्ष धरतात, त्यामुळे पुढे बाहेर शिकायला किंवा काम करायला गेल्यावर याचा उपयोग होतो. 'क' आणि 'ख' दोन्हीकडे इलेक्ट्रिकलला अशी मान्यता आहे. इथे बरोबरी.

रँकिंगने मात्र गोंधळ वाढवला. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक यादीत ३० टक्के भार प्राध्यापक-संशोधकांना विचारलेल्या शैक्षणिक प्रतिष्ठेला आहे आणि २० टक्के शोधनिबंधांच्या उल्लेखांना. पहिल्या वर्षाला सर्किट थिअरी कोण आणि कसं शिकवतं, हे यातून कसं कळणार?

शेवटची अडचण. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा एक अभ्यास सापडला. अमेरिकेत १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही साध्या कॉलेजात गेलेली मुलं, नामांकित कॉलेजात गेलेल्या तशाच मुलांइतकंच साधारण कमावत होती. हे वाचून मी 'ख' ठरवून टाकलं होतं. पुढे अपवाद वाचला: कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा फायदा झाला. आता आमचं घर त्या अपवादातच बसतं. ज्यांना परवडत नाही त्यांनाच नावाचा उपयोग जास्त, मग करायचं काय?

या क्षेत्रातल्या कोणी सांगाल का, नावासाठी एवढं कर्ज घेण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. नावाचा खरा उपयोग एकच: कंपन्या कोणत्या कॅम्पसवर जायचं ते आधी ठरवतात, आणि तुमचं कॉलेज त्या यादीत असलं तर दार उघडतं. आत आल्यावर आम्ही प्रोजेक्टबद्दल खोदून विचारतो. दुसऱ्या नोकरीच्या वेळी तर कॉलेज बायोडेटाच्या तळाशी गेलेलं असतं.

'ख'च्या विभागात स्वतः जाऊन या. लॅबमध्ये एका ऑसिलोस्कोपवर (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) किती मुलं असतात ते बघा. यादीतले ऐच्छिक विषय गेल्या दोन वर्षांत खरंच शिकवले गेले का, ते विचारा. कागदावर दहा आणि चालतात तीनच, हे सर्रास चालतं. प्लेसमेंटचा सरासरी पगार विचारू नका, एक-दोन परदेशी ऑफर आल्या की तो फुगतो. मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो. आणि 'नव्वद टक्के' म्हणाले तर कशाचे ते विचारा: शाखेतल्या सगळ्या मुलांचे की फक्त प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्यांचे? त्यातले इलेक्ट्रिकलच्या कामावर किती गेले आणि सॉफ्टवेअरमध्ये किती, हेही.

प्रतिसाद

फीमाफीची अट लेखी मागून घ्या. एका सेमिस्टरला ग्रेड घसरली तर माफी कायमची जाते की सुधारल्यावर परत मिळते? पहिल्या वर्षाचं गणित भल्याभल्यांना लोळवतं. माफी गेली तर 'ख'चा खर्च किती होतो, तो आकडा तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

आणि दादा, एवढ्या मोठ्या धाग्यात बहीण काय म्हणते ते एका ओळीतही नाही!

धागाकर्ता

ताई, बरोबर पकडलंत. काल जेवताना विचारलं. तिला 'क' हवंय, पण नावासाठी नाही. तिथे मुलांची इलेक्ट्रिक रेसिंग कारची टीम आहे, मोटर आणि बॅटरी मुलंच जोडतात म्हणे. 'ख'मध्ये तसं काही असेल तर तिची ना नाही. उद्या दोघं तिथे जाऊन लॅब बघणार आहोत. माफी गेली तर 'क'चा खर्च 'ख'च्या साधारण पावणेदोनपट राहतो, हेही आज काढलं.

एक शंका: 'क'ला फी कमी करा म्हणून विचारणं बरं दिसतं का?

प्रतिसाद

न दिसायला काय झालं? आर्थिक मदत कक्षाला पत्र लिहा, उत्पन्नाचे कागद आणि 'ख'चं फीमाफीचं पत्र जोडा. भावनिक काही नको, किती कमी पडतात तो आकडा लिहा. नाही म्हणाले तर आहात तिथेच आहात. फक्त आज पाठवा, शुक्रवारची वाट बघू नका.

आणि 'ख'मध्ये दोन वर्षं काढून मग 'क'मध्ये बदली घेऊ, असा विचार डोक्यात असेल तर सोडा. क्रेडिट जुळत नाहीत, वर्ष वाया जातं.

धागाकर्ता

पत्र आज रात्रीच लिहितो. मसुदा इथे टाकला तर कोणी नजर टाकाल का?