विंडोज १० थांबले, जुना लॅपटॉप चालूच आहे : गोव्यातले अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. यंत्रे मात्र दुकानात, गेस्ट हाउसात, देवस्थानच्या हिशेबाच्या टेबलावर सुरूच आहेत. काय केले की चालते आणि कुठे अडते, तेवढेच आपल्या गावाच्या नावाखाली लिहा. कंपन्यांना शिव्या घालायला तिंटो (बाजारचौक) आहे.

म्हापसा
आधी प्रोसेसरचा आकडा बघा. आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. इंटेलची आठवी पिढी असेल तर विंडोज ११ बहुधा सरळ चढते. टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही असा निरोप आला म्हणून सोडू नका. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ते बहुधा 'पीटीटी' नावाने बंद पडलेले असते. त्याहून जुन्या यंत्राला विंडोज १०चे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे वाढीव अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. आवृत्ती २२एच२ हवी.

डिचोली
विंडोजऐवजी लिनक्स मिंट घ्यायचे तर ४ जीबी रॅमला त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पुरते. पेनड्राइव्ह ८ जीबीचा, त्यावर रूफस या प्रोग्रामने मिंटची फाइल चढवा. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअपची खूण काढा, नाहीतर विंडोजचे पार्टिशन अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये हात घातला की ती विचारली जाते, आणि तेव्हा ती त्याच बंद डिस्कवर असते!

फोंडा
डिचोलीकर बाब, पुसण्याआधी फोंट बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या फोंटातल्या जत्रेच्या पत्रिका, नाटकाच्या संहिता म्हणजे आत इंग्रजी अक्षरेच, वर मराठीचे सोंग. फोंट गेला की कचरा दिसतो. म्हणून युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या लिपीपद्धतीत) रूपांतर विंडोजवर असतानाच उरका. कन्व्हर्टर कुठलाही घ्या, रफाराला ठेच लागतेच. जुन्या फोंटात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. मग 'कीर्तन'चे 'कीतर्न' होते, 'मूर्ती'चे 'मूतीर्'. ऱ्हस्व वेलांटीचे उलटे: जुन्यात ती व्यंजनाआधी, नव्यात नंतर. 'र्' शोधून एकेक शब्द तपासावा लागतो, त्याला जवळवाट नाही. मूळ फाइल, फोंट आणि एक पीडीएफ, तिन्ही एकत्र ठेवा.

मडगाव
सॉफ्टवेअरचा म्हणून धरलेला निम्मा दोष पावसाचा असतो. लॅपटॉप जून ते चवथ (गणेशचतुर्थी) कपाटात राहिला, आता प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते? विंडोज पुन्हा टाकू नका, तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल उतरला की घड्याळ मागे जाते आणि साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही. तारीख लावा, चार्जर काढून रात्रभर बंद ठेवा. सकाळी पुन्हा चुकली तर सेल बदला. बहुधा सीआर२०३२ असतो, काही मॉडेलांत वायर जोडलेला. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे, दाबून बसवू नका. बाकी मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घातली की जो फरक पडतो, तो कुठल्याही सिस्टिमने पडत नाही.

पेडणे
गेस्ट हाउसवाल्यांनी घाबरू नये, परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) ब्राउझरमध्येच भरतात. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आधी मिळवा. मिंटमध्ये मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरीव मांडणी) जोडा. 'ळ' शिफ्ट-एन. 'वाऱ्यावर' लिहिताना साधा जे दाबला तर 'वार्यावर' होते. शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ (/) दाबा.

फोंडा
हा 'ऱ्य' कन्व्हर्टरही खातो. 'र्' शोधताना 'र्य'वर थांबून बघा: 'सूर्य' बरोबर, 'दुसर्या' चूक.