यादवी, गृहयुद्ध की नागरी युद्ध?

प्रश्न : एकाच देशाच्या हद्दीत लढल्या जाणाऱ्या युद्धांवरील संशोधनाविषयी मराठीत लिहिताना ‘यादवी’, ‘गृहयुद्ध’ आणि ‘नागरी युद्ध’ यांपैकी कोणता शब्द योजावा? शिवाय या युद्धांच्या कारणांच्या चर्चेत ‘ग्रीड’ आणि ‘ग्रीव्हन्स’ ही जोडी वारंवार येते. तिच्यासाठी ‘लोभ आणि तक्रार’ एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : ‘नागरी युद्ध’ आधी बाजूला ठेवावे. ते इंग्रजी ‘सिव्हिल वॉर’चे शब्दशः भाषांतर आहे आणि त्यामागील लॅटिन ‘बेल्लुम किविले’ म्हणजे सहनागरिकांशी केलेले युद्ध. मराठीत मात्र ‘नागरी’ म्हटले की शहरी वस्ती डोळ्यांपुढे येते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची अशी कितीतरी युद्धे डोंगराळ, ग्रामीण मुलखातून लढली गेली आहेत.

‘यादवी’ हा शब्द रुळलेला आहे आणि अमेरिकेतील १८६१ ते १८६५ चे युद्ध मराठी वाचक याच नावाने ओळखतो. तरीही महाभारताच्या मौसलपर्वातील कथा एकदा आठवून पाहावी. प्रभासक्षेत्री मद्य प्यालेले यादव सात्यकी आणि कृतवर्मा यांनी काढलेल्या जुन्या उण्यादुण्यांवरून एकमेकांवर तुटून पडतात आणि एरका गवताची मुसळे करून आपल्याच कुळाचा संहार करतात. तेथे राजसत्तेवर दावा सांगणारा बंडखोर नाही आणि वेगळा प्रदेश मागणारा पक्षही नाही. कारणे आहेत ती मद्य, वैर आणि शाप. म्हणजे हा शब्द युद्धाला नाव देता देता त्याचे कारणही सांगून टाकतो, आणि जेथे कारण हाच वादाचा विषय आहे तेथे हे अडचणीचे ठरते.

संशोधक व्याख्येची सुरुवात राज्यसंस्थेपासून करतात. राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कालिवास यांच्या मते, मान्यताप्राप्त सार्वभौम सत्तेच्या हद्दीत, युद्धारंभी एकाच सत्तेच्या अधीन असलेल्या पक्षांमधील सशस्त्र लढाई म्हणजे असे युद्ध. मोजणी करणाऱ्यांना त्यापुढे आकड्याची रेषाही आखावी लागते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत लढाईतील वर्षाला किमान २५ मृत्यूंपासून ‘सशस्त्र संघर्ष’ धरला जातो आणि १००० पासून ‘युद्ध’. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फीअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी २००३ मधील अभ्यासासाठी एकूण १००० मृत्यू, वर्षाला सरासरी १००, आणि दोन्ही बाजूंना किमान १०० अशी अट घातली. ही शेवटची अट एकतर्फी कत्तल वगळण्यासाठी आहे, म्हणून ‘नरसंहार’ आणि ‘गृहयुद्ध’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

मी स्वतः ‘गृहयुद्ध’ पसंत करतो. तो हिंदीच्या वळणाचा आहे ही तक्रार मला ठाऊक आहे. पण ‘गृहखाते’, ‘गृहमंत्री’ या शब्दांत ‘गृह’ म्हणजे राज्याचा अंतर्गत कारभार हा अर्थ आपण केव्हाच पचवला आहे.

आता दुसरी जोडी. अर्थशास्त्रज्ञ पॉल कोलियर आणि आंके हॉफलर यांनी ती गाजवली, परंतु त्यांच्या मांडणीतील ‘ग्रीड’ हा बंडखोरांच्या मनातील हावरेपणापुरता नाही. खनिजांसारख्या कच्च्या मालाच्या निर्यातीवरील अवलंबित्व, कमी उत्पन्न, तरुणांना अन्यत्र मिळू न शकणारी कमाई यांमुळे बंड उभारणे परवडते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि पुढे त्यांनीच ‘शक्यता’ या कल्पनेवर भर दिला. तेव्हा केवळ ‘लोभ’ लिहिल्यास वाचक नीतिकथेकडे वळेल. ‘संधी’ किंवा ‘बंडाची आर्थिक शक्यता’ अधिक नेमके आहे. ‘ग्रीव्हन्स’साठी ‘तक्रार’ फार हलका शब्द आहे, कारण तक्रार नळाच्या पाण्याचीही असते. ‘गाऱ्हाणे’ चालेल, पण गाऱ्हाणे कोणापुढे तरी घातले जाते आणि येथे ऐकणाऱ्यावरचा विश्वासच उडालेला असतो. ‘अन्यायाची जाणीव’ हा शब्दप्रयोग लांब असला तरी योग्य आहे. राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांनी १९७० मध्ये मांडलेली ‘सापेक्ष वंचितता’, म्हणजे आपल्याला मिळायला हवे आणि प्रत्यक्ष मिळते यांतील अंतराची बोच, ही त्याच कुळातील संज्ञा आहे.

प्रतिवाद : ‘यादवी’ इतक्या सहज सोडू नये. ज्या कालिवास यांची व्याख्या वर दिली आहे, त्यांचेच ग्रीसमधील आर्गोलिड भागावरील काम सांगते की व्यक्ती हेरून केलेल्या हत्या बहुधा शेजाऱ्यांच्या चहाडीवर अवलंबून असतात. शेताच्या बांधाचा किंवा सोयरिकीचा जुना डूख राजकीय पक्षाच्या नावाखाली उगवून घेतला जातो. सात्यकी आणि कृतवर्मा यांचे भांडण याहून फार वेगळे आहे का?

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे, मात्र अर्धाच. त्याच अभ्यासात असेही दिसते की चहाडीला धार येते ती एखाद्या पक्षाचे गावावर वर्चस्व असून संपूर्ण ताबा नसतो तेव्हा. जेथे दोन्ही पक्ष तुल्यबळ असतात तेथे सूडाच्या भीतीने लोक गप्प राहतात आणि अशा हत्या कमी होतात. डूख सर्वत्र असतो, हत्या सर्वत्र होत नाहीत, आणि हा फरक ताब्याच्या प्रमाणाने पडतो. म्हणून गावपातळीवरील हिंसेच्या वर्णनात ‘यादवी’ खुशाल वापरावा, देशांची तुलना करताना ‘गृहयुद्ध’ लिहावे. कायद्याच्या संदर्भात मात्र हे दोन्ही टाळावेत, कारण १९४९ च्या जिनीव्हा करारांतील सामाईक कलम ३ ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला सशस्त्र संघर्ष’ अशीच भाषा वापरते.