द्राक्षाच्या कंटेनरमधले सेन्सर: संशोधनाने हवा मोजावी की मणी?

शीतगृह_पिंपळगाव
शीतसाखळीवरच्या (माल शेतापासून बाजारापर्यंत सतत गार ठेवण्यावरच्या) विद्यार्थी प्रकल्पांत एकच मांडणी पुन्हा पुन्हा दिसते: डीएचटी२२ (हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर), ईएसपी३२ (वाय-फायची छोटी चिप) आणि क्लाउडवर आलेख. द्राक्षासाठी याचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. मोजली जाते हवा, खराब होतो माल. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल भरण्याआधी तो झटपट गार करताना, पंखा पॅलेटच्या दोन रांगांमधल्या बोगद्यातून हवा ओढतो. बाहेरच्या बाजूच्या पेट्या आधी गार होतात, बोगद्याकडच्या सगळ्यात शेवटी. खोलीचा काटा शून्य दाखवतो तेव्हा या पेट्यांतला मणी चार-पाच अंशांवर असू शकतो. तसाच माल भरला तर पुढे रीफरकडून (गार कंटेनरकडून) त्याचं तापमान लवकर उतरत नाही. गार माल गार ठेवणं एवढीच त्याची ताकद. सुईसारखा प्रोब (तापमान मोजणारं टोक) बोगद्याकडच्या पेटीत, मधल्या घडाच्या मण्यात खुपसलेला हवा.

निफाड_लॉजिस्टिक्स
प्रीकूलिंगपुरतं पटलं. रस्त्यावर मात्र उलट आहे. नाशिकहून न्हावाशेवाला जाताना जेनसेट (रीफरला वीज देणारा जनरेटर) बंद पडला, तर हवेचं तापमान काही मिनिटांत हलतं. मण्याचं हलायला तास लागतात, कारण टनावारी गार माल उष्णता शोषत राहतो. मण्यातल्या प्रोबवर अलार्म लावला तर तो वाजेपर्यंत गाडी बंदराच्या दारात! इथे हवेचाच सेन्सर हवा. फक्त डीफ्रॉस्टमध्ये (यंत्रावरचा बर्फ वितळवताना) हवा थोडा वेळ तापते, तेव्हा खोटा अलार्म वाजू नये म्हणून १५-२० मिनिटांचा विलंब ठेवायचा. घाटात रेंज तुटली तर नोंद आत साठवून नंतर पाठवायची.

अंबड_इन्स्ट्रुमेंट
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. आधी काटा खरा आहे का ते बघा. मूळ डीएचटी११ (डीएचटी२२चाच साधा प्रकार) शून्याखाली मोजतच नाही, तरी तो द्राक्षाच्या प्रकल्पात सापडतो. डीएचटी२२ची चूक ±०.५ अंश. सेटपॉइंट (यंत्रावर लावलेलं तापमान) उणे ०.५ असेल तर तेवढ्यानेच निष्कर्ष बदलतो, कारण मणी उणे दोनच्या आसपास गोठू लागतो, आणि देठ त्याआधी.

तपासणी सोपी आहे. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरा, फटी भरतील एवढंच स्वच्छ पाणी घाला, प्रोब तळाला न टेकवता दहा मिनिटं ढवळत ठेवा. शून्यापासून जो फरक दिसेल तो त्या प्रोबच्या नावावर लिहा. हा फरक शोधनिबंधात दिलेला नसेल तर पुढचे आलेख मी बघत नाही.

शीतगृह_पिंपळगाव
@निफाड_लॉजिस्टिक्स, जेनसेटचं मान्य. पण मग सेन्सर पेटीत ठेवू नका. ग्रेप गार्डमधून (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या कागदातून) ओलाव्यात सल्फर डायऑक्साइड सुटतो, तो आर्द्रतेच्या सेन्सरचं वाचन सरकवतो आणि तांब्याचे जोड खातो. समुद्रात तीन-चार आठवडे जातात. सर्किट पेटीतल्या प्लास्टिकच्या लायनरबाहेर (अस्तराबाहेर), आत फक्त स्टीलच्या नळीतला प्रोब.

निफाड_लॉजिस्टिक्स
समुद्रात जोडलेलं उपकरण हवंच कशाला, सर? मालाने भरलेल्या बंद पोलादी डब्यातून सिग्नल जेमतेम निघतो, आणि अलार्म आला तरी पिंपळगावात बसून कोण काय करणार? तिथे साधा लॉगर (नोंदी आतच साठवणारं उपकरण) पुरे. महागडं जोडणीचं काम पॅकहाऊस ते बंदर एवढंच ठेवा.

शीतगृह_पिंपळगाव
इथे मी सहमत नाही. रीफरचा कंट्रोलर येणाऱ्या-जाणाऱ्या हवेच्या नोंदी ठेवतोच, आणि जहाजावर तंत्रज्ञ असतो. बिघाड वेळेत कळला तर तो दुरुस्त करू शकतो. लॉगर उघडतो तो माल उतरल्यावर. तोवर भाव पडलेला असतो.